आबांची सोय

मांजर आणायचं की नाही यावरून आमच्याकडे कडाक्याची भांडणं झाली. पण ते आल्यावर त्याचा संडास कुठे ठेवायचा यावरून जी पेटली, त्यांच्यापुढे आधीची म्हणजे नुसती नांदी होती. मांजराचं नाव आबा. लेकीने ठेवलंय. चेहऱ्यावर कायम ‘चहा अजून आला नाही का?’ असा भाव असल्यामुळे दुसरं नाव शोभलंही नसतं. आणि नाव वडीलधारं, त्यामुळे अहो-जाहो करणं आलंच.

घोडबंदर रोडला आमचा वन बीएचके आहे. लिटर बॉक्स मांजराच्या लांबीच्या निदान दीडपट हवा, असं डॉक्टरांनी सांगितलं. आबा लांबीच्या बाबतीत उदार आहेत. त्यामुळे बॉक्स आला तो दोन फूट बाय दीड फूट, म्हणजे तीन चौरस फूट. फ्लॅट घेतला त्या भावाने नवऱ्याने लगेच गुणाकार केला आणि म्हणाला, “एवढ्यात गावच्या घरावर नवे पत्रे पडले असते.”

डॉक्टरांच्या अटी संपतच नव्हत्या. जागा शांत हवी, सतत ये-जा नको. जेवणाच्या भांड्यापासून लांब. शेजारी धडधडणारं यंत्र नको. दार चोवीस तास उघडं. शिवाय कोंडीत सापडल्यासारखं वाटू नये म्हणून निसटायला वाट हवी. मी म्हटलं, “डॉक्टर, अशी जागा ठाण्यात मिळाली तर आधी मीच राहायला जाईन.” ते हसले नाहीत. उलट म्हणाले, “खरं तर मांजरं असतील त्यापेक्षा एक बॉक्स जास्तच ठेवावा.” म्हणजे आबा एकटे आणि त्यांना संडास दोन. आम्ही चार माणसं आणि आम्हाला एक.

पहिलं नाव निघालं ते ड्राय बाल्कनीचं. ड्राय बाल्कनीत जून ते सप्टेंबर काहीही ड्राय नसतं, पण तो मुद्दा पुढे यायची वेळच आली नाही. कारण वॉशिंग मशीनही तिथेच. आबा मन घट्ट करून बॉक्समध्ये बसले, शेपूट जरा वर झाली, डोळे मिटले, आणि नेमकं त्याच क्षणी मशीन स्पिनला गेलं. विधी अर्धवट टाकून आबा जे उडाले ते थेट फ्रिजवर. ड्राय बाल्कनीचं त्यांनी पुन्हा तोंड पाहिलं नाही.

सासूबाईंचा प्रश्न दिशेचा होता. ईशान्येला देव, आग्नेयेला गॅस, नैऋत्येला नवऱ्याचं कपाट. उरली वायव्य, तिथे बाथरूम. आता बाथरूमचं दार चोवीस तास उघडं ठेवून आंघोळ कशी करायची, हे वास्तुशास्त्रात नाही. तरी ठेवून पाहिलं. लेकीच्या हातून तांब्याभर पाणी बॉक्समध्ये गेलं आणि आतली माती फुगून तिचा असा गोळा झाला की उलथन्याने खरवडावा लागला. हे लिटर म्हणजे बेंटोनाइट, आपल्याकडे कच्छात सापडणारी माती. ओल लागली की फुगायचं आणि घट्ट धरायचं हाच तिचा गुण. म्हणून ती कमोडमध्ये ओतायची नसते, नाहीतर पाइप तुंबून अख्खी सोसायटी दारात उभी.

या निमित्ताने बरंच वाचलं. पूर्वी लोक वाळू, राख असलं काहीबाही वापरत. १९४७ साली, इकडे स्वातंत्र्याची धामधूम चालू असताना, अमेरिकेत मिशिगनमध्ये एड लो नावाच्या तरुणाने शेजारणीला मांजरासाठी वाळूऐवजी फुलर्स अर्थचे दाणे दिले आणि तिथून हा धंदा उभा राहिला. फुलर्स अर्थ म्हणजे आपली मुलतानी माती. मी हे मोठ्याने वाचून दाखवलं, तेव्हा सासूबाई तीच चेहऱ्याला लावून बसल्या होत्या. लेप वाळत आलेला, बोलता येईना. नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मग आबांनी स्वतःच सोफ्यामागची जागा धरली, बॉक्सविना. रोज सकाळी आमच्या घरातून आरोळी जायची, “आबांनी परत सोफ्यामागे केली!” समोर नव्याने राहायला आलेल्या काकूंनी मला लिफ्टमध्ये गाठलं.

“अगं, लाजू नकोस. वय झालं की होतं असं. डायपर का नाही लावत?”

मी तेव्हा भाजीच्या हिशेबात. म्हटलं, “नाही हो लावून घेत. नखं मारतात.”

“अगं बाई! आणि रात्री कोण बघतं त्यांच्याकडे?”

“रात्री काही त्रास नाही. कपाटावर झोपतात.”

सातव्या मजल्यावर काकू उतरल्या. त्यांचं घर बाराव्यावर आहे.

शेवटी बॉक्सच सोफ्यामागे नेला. पण सोफ्यामागचा संडास पाहुण्यांना दिसतो, निदान कळतो तरी. एकदम हलवला तर मांजर बिथरतं, म्हणून रोज वीतभर सरकवत, पालखी निघावी तसा मुक्काम करत करत तो बेडरूमपर्यंत नेला. तिथे नवऱ्याचं ऑफिसचं टेबल आहे. त्याच्याखाली शांतता, दोन्ही बाजूंनी वाट, दार सदैव उघडं. डॉक्टरांच्या सगळ्या अटी तिथे जुळल्या. नवरा काय म्हणतो हे अटींमध्ये नव्हतं.

आबांचे पूर्वज रखरखीत मुलखातले, त्यामुळे केलेलं पुरून टाकायचं हा रक्तातलाच संस्कार. तो ते अतिशय मनापासून पाळतात, आणि बहुतेक वेळा नवऱ्याची मीटिंग चालू असतानाच. खर्र, खर्र, खर्र. पलीकडून साहेब विचारतात, “काही बांधकाम चालू आहे का हो?” घोडबंदर रोड म्हटल्यावर मेट्रोचं काम सगळे धरूनच चालतात, त्यामुळे नवऱ्याचं निभावतं. परवा साहेबांनी अगदी कळवळून विचारलं, “अजून संपलं नाही का तुमच्याकडचं काम?”

लेकीने नुकताच दुसरा बॉक्स मागवला होता. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला त्याची मापं घेणं चालू होतं. तिकडे बघत नवरा म्हणाला, “सर, आता दुसरा टप्पा सुरू होतोय.”