गळक्या छताची गाडी? वॅगनएअरविषयीच्या प्रतिक्रियेला उत्तर

सविनय नमस्कार.

स्टुडबेकर या अमेरिकी कंपनीच्या वॅगनएअर या स्टेशन वॅगनवरील (मागे सामानाला मोठी जागा असलेल्या कौटुंबिक गाडीवरील) माझ्या लेखावर आपण लिहिलेली दीर्घ प्रतिक्रिया लक्षपूर्वक वाचली. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : या गाडीचे सरकते छत गळत होते, म्हणून ग्राहकांनी तिला नाकारले आणि ते योग्यच झाले, चाळीस वर्षांनी जनरल मोटर्सच्या जीएमसीने हीच कल्पना पुन्हा आणली तेव्हा तीही फसली, यावरून मुळात कल्पनाच चुकीची होती, कॅनडात बनलेल्या शेवटच्या गाड्यांना तर स्टुडबेकर म्हणणेही कठीण आहे, आणि एकंदरीत मी दुर्मिळतेलाच गुणवत्ता समजून बसलो आहे.

छत गळत होते, यावर वाद नाही. १९६२च्या शरद ऋतूत १९६३चे मॉडेल म्हणून ही गाडी बाजारात आली आणि पाणी आत येत असल्याच्या तक्रारी लगोलग सुरू झाल्या. त्याच मॉडेल वर्षात कंपनीला कायम बंद छताची वॅगनही विक्रीला ठेवावी लागली, ही गोष्ट मी लेखात झाकलेली नाही. मात्र गळतीचे कारण पाहिले तर आपला निष्कर्ष टिकत नाही. सामानाच्या जागेवरचा छताचा भाग हाताने पुढे सरकवून मागच्या आसनावरील स्थिर छताशी अडकवायचा, अशी ही रचना होती. असे छत कधीच केवळ रबरी पट्टीच्या जोरावर पाणी अडवीत नाही. थोडे पाणी आत झिरपणार हे गृहीत धरूनच कडेने पन्हळी काढाव्या लागतात आणि त्या पन्हळींतले पाणी नळ्यांवाटे गाडीखाली सोडावे लागते. या नळ्या पाचोळ्याने किंवा धुळीने तुंबल्या की पाणी थेट आतल्या आच्छादनावर उतरते. आजच्या सनरूफच्या गाड्यांतही नेमके हेच घडते आणि तरीही सनरूफची कल्पना फसली असे कोणी म्हणत नाही. वॅगनएअरचा दोष एवढाच, की ज्या कामाला चाचणीसाठी पुरेसा अवधी हवा होता ते काम अवधी नसलेल्या कंपनीने हाती घेतले.

तो अवधी का नव्हता, हा प्रश्न आपल्या प्रतिक्रियेत कुठेच येत नाही, आणि माझ्या दृष्टीने सारे त्यातच आहे. १९५९च्या लार्क या छोट्या गाडीने, जिच्यावर पुढे वॅगनएअर बेतली, स्टुडबेकरला काही काळ जीवदान दिले होते; पण फोर्ड फाल्कन, शेवरोले कॉर्वेअर आणि क्रायस्लरची व्हॅलियंट या छोट्या गाड्या १९६०च्या मॉडेल वर्षात आल्या आणि लार्कच्या पायाखालची जमीन सरकली. मोठ्या कंपन्यांचे जे विक्रेते लार्कही विकत होते, त्यांना आता आपल्याच कंपनीची छोटी गाडी मिळाली होती. १९६१मध्ये अध्यक्षपदी आलेल्या शेरवुड एगबर्ट यांनी मिलवॉकीचे डिझायनर ब्रूक्स स्टीव्हन्स यांच्याकडे संपूर्ण गाडी नव्याने आखण्याचे नव्हे, तर आहे त्या साच्यांवर कमीत कमी खर्चात नवेपणा आणण्याचे काम दिले. लार्कच्या बॉडीचा गाभा १९५३च्या सेडानपर्यंत मागे जातो, हे लक्षात घेतले तर स्टीव्हन्स यांच्या हाती किती थोडे होते याची कल्पना येते. (याच स्टीव्हन्स यांनी १९४६ची विलीसची संपूर्ण पोलादी स्टेशन वॅगन आखली होती. त्या विलीस कंपनीच्या जीपची जुळणी पुढे मुंबईत महिंद्रने सुरू केली, त्यामुळे आपल्याकडच्या वाचकाला हे नाव अगदीच परके वाटू नये.)

आणि इथे एक गंमत आहे, जिच्याकडे आपले लक्ष वेधावेसे वाटते. फाल्कन, कॉर्वेअर, व्हॅलियंट या प्रतिस्पर्धी गाड्यांची बॉडी आणि चासी (म्हणजे खालचा मुख्य सांगाडा) एकसंध होती. अशा गाडीत छतही भार पेलते, त्यामुळे त्यात मोठे भगदाड पाडायचे तर बाकीचा सांगाडा बराच मजबूत करावा लागतो. लार्कची चासी मात्र जुन्या पद्धतीची, वेगळी होती आणि बॉडी तिच्यावर बोल्टने बसवलेली होती. ज्या जुनाटपणाबद्दल स्टुडबेकरला नावे ठेवली जात, त्यानेच हे छत स्वस्तात शक्य केले. अर्थात वेगळ्या चासीवरची बॉडी खराब रस्त्यावर थोडी पिळवटते आणि सांध्यांवरच्या रबरी पट्ट्यांना ते मानवत नाही, हेही तितकेच खरे आहे.

या छताचा उपयोग काय, असे आपण उपरोधाने विचारले आहे. उभा रेफ्रिजरेटर घरी नेता यावा, हा त्यामागचा अगदी व्यवहारी हेतू होता. रेफ्रिजरेटर आडवा नेला तर कॉम्प्रेसरमधले तेल शीतकाच्या नळ्यांत शिरू शकते, म्हणून तो उभाच न्यावा असे सांगतात. साध्या वॅगनमध्ये मात्र तो उभा मावत नाही आणि त्यासाठी ट्रक बोलवावा लागतो. वॅगनएअरचा मागचा फाळका खाली पाडून छत पुढे सरकवले की उंच सामानाला आभाळ मोकळे. मागे तोंड करून बसायचे तिसरे आसनही मागवता येत असे. तेव्हा स्टेपनी ठेवायला जागा उरत नसल्यामुळे पंक्चरला दाद न देणारे खास टायर दिले जात. या साऱ्यात मला चमकदारपणापेक्षा विचार अधिक दिसतो.

जीएमसी एन्व्हॉय एक्सयूव्हीच्या उदाहरणाने मात्र आपली बाजू बळकट होत नाही. २००४ आणि २००५ अशा दोनच मॉडेल वर्षांत आलेल्या त्या गाडीचे मागचे छत विजेवर सरकत होते आणि सामानाची जागा धुता येईल अशी केलेली होती. म्हणजे स्टीव्हन्स यांचा अपुरा राहिलेला भाग तिथे पुरा झाला होता. ती खपली नाही हे खरे. पण जी गाडी छत न गळताही खपली नाही, तिच्यावरून गळतीमुळेच वॅगनएअर बुडाली असे कसे सिद्ध होते?

वॅगनएअर विस्मृतीत गेली ती मुख्यतः घर उठल्यामुळे, असे माझे मत आहे. एगबर्ट यांनी आजारपणामुळे नोव्हेंबर १९६३मध्ये पद सोडले. ९ डिसेंबरला इंडियानातील साउथ बेंडचा कारखाना बंद करण्याची घोषणा झाली आणि त्याच महिन्यात तिथली शेवटची गाडी बाहेर पडली. म्हणजे गाडी बाजारात येऊन जेमतेम सव्वा वर्ष झाले होते. कारखाना टिकेल की नाही याची खात्री नसलेल्या कंपनीची गाडी, मग तिचे छत कितीही कोरडे असो, कुटुंबवत्सल माणूस घेत नाही. सुटे भाग आणि विक्रेता उद्या सापडेल का, हा प्रश्न त्याला छतापेक्षा मोठा असतो.

दुर्मिळतेबद्दल आपण म्हणता ते तत्त्व मला मान्य आहे, म्हणूनच सुपरचार्जर (इंजिनात जास्त हवा दाबून भरणारे यंत्र) बसवलेल्या, ताकदवान आर-२ इंजिनाच्या वॅगनएअरवर मी लेखात दोनच ओळी खर्च केल्या. संग्राहक तिच्यामागे लागतात. मला सहा सिलिंडरची साधी वॅगन अधिक बोलकी वाटते, कारण छताची कल्पना ज्या कुटुंबांसाठी होती ती कुटुंबे तीच गाडी घेऊ शकत होती.

राहता राहिला कॅनडाचा मुद्दा. साउथ बेंड बंद झाल्यावर उत्पादन ओंटारिओतील हॅमिल्टनला एकवटले आणि १९६५च्या मॉडेलपासून जनरल मोटर्सच्या कॅनडातील मॅकिनन इंडस्ट्रीजने बनवलेली, शेवरोलेच्या घडणीची इंजिने बसू लागली. स्वतःची इंजिने बनवणारा कारखानाच उरला नव्हता, तेव्हा दुसरा मार्ग कोणता होता? शिवाय स्टुडबेकरचे व्ही-८ इंजिन वजनाने फार भारी होते. त्याच्या जागी आलेले २८३ घनइंचांचे इंजिन हलके होते आणि त्यामुळे पुढच्या चाकांवरचा भार कमीच झाला. चासी, बॉडी आणि ते वादग्रस्त छत मार्च १९६६मध्ये उत्पादन थांबेपर्यंत स्टुडबेकरचेच राहिले. त्यामुळे हॅमिल्टनच्या गाड्यांविषयीचा परिच्छेद मी लेखातून काढणार नाही. मात्र पन्हळी आणि नळ्यांच्या रचनेविषयी इथे जे लिहिले आहे, ते मूळ लेखात अवश्य जोडतो.

कळावे,
आपला,
लेखक