गड्ड्याचं प्रगतिपुस्तक

'पालकांनी घरी लक्ष देणे गरजेचे आहे' हा शेरा माझ्या वडिलांनी माझ्या प्रगतिपुस्तकात दरवर्षी वाचला आणि दरवर्षी मला त्याचा प्रसाद दिला. तोच शेरा या वयात मला उद्देशून लिहिला जाईल, तोही कुत्र्याच्या प्रगतिपुस्तकात आणि वर रोजचे तीनशे रुपये जादा घेऊन, हे काही माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

झालं एवढंच, की पुण्याला लग्न होतं आणि गड्ड्याला बोलावणं नव्हतं. गड्ड्या आमचा कुत्रा. जात गावठी, रंग वाळक्या भाकरीचा. सोलापूरच्या संक्रांतीच्या जत्रेत, म्हणजे गड्ड्यात, होम मैदानावर आकाशपाळण्याखाली कुंईकुंई करत बसला होता, तिथून आणला. होटगी रोडला एका शेतात कुत्र्यांचं बोर्डिंग निघालंय, तिथं त्याला ठेवून आम्ही गेलो. परत न्यायला आलो तर बिलात राहण्या-खाण्याचे वेगळे आणि 'एनरिचमेंट'चे, म्हणजे कुत्र्याच्या डोक्याला खुराक देण्याचे, वेगळे. भिंतीवर फळा, फळ्यावर दिवसभराचं वेळापत्रक. आणि फळ्यासमोर ते गृहस्थ.

पायजमा, पांढरा शर्ट, टोपी, खांद्यावर टर्किश टॉवेल. वय सत्तरीच्या पुढं. सुनेचं शित्झू जातीचं कुत्रं न्यायला आले होते. टॉवेलच्या कारखान्यात मागावर जन्म काढलेला माणूस, हे त्यांनी मी न विचारता सांगितलं. मग म्हणाले, "मालक, इकडं या की. हे बघा काय लिहिलंय. साडेसात, स्निफ वॉक. म्हंजे?"

"वास घेत फिरायचं, आजोबा," काउंटरवरची मुलगी म्हणाली. "घाई करायची नाही. कुत्रा थांबेल तिथं आपण थांबायचं."

"मग फिरवायलंय कोण? कुत्रं का माणूस?"

मुलगी हसली. तिला सवय असावी. "नऊला स्नफल मॅट," असं म्हणून तिनं काउंटरखालून एक चटई काढून दाखवली. जाळीच्या रबरी तुकड्यात रंगीत कापडाच्या पट्ट्या दाट ओवून गाठी मारलेल्या. त्या झुपक्यांत दाणे टाकायचे आणि कुत्र्यानं नाक खुपसून ते शोधायचे. आजोबांनी चटई हातात घेतली, उलटी केली, चष्मा कपाळावर सरकवून गाठी तपासल्या, एक पट्टी दोन बोटांत धरून ओढून बघितली.

"केवढ्याला?"

"आठशे."

"कडेच्या चिंध्या हायत ह्या. आमच्यात झाडून पोत्यात भरत होते." त्यांनी चटई परत दिली, पण हात कापडावर जरा रेंगाळला. "गाठ मात्र बरी मारलीय."

"दहाला लिक मॅट. रबरावर दही, भोपळा सारवून फ्रीजरला ठेवतो. चाटत बसला की कुत्रा शांत होतो."

"शेंगाचटणी लावा की दह्याबरोबर."

"लसूण असतो त्यात. कुत्र्याला लसूण-कांदा विषारी असतो, आजोबा."

"मला चालतंय की!"

दुपारी विश्रांती आणि बासरी. चारला पाण्यात खेळ. साडेपाचला फुगे. साबणाचे का, तर नाही, खास कुत्र्यांसाठी चिकनच्या वासाचे मिळतात. यावर आजोबा बराच वेळ गप्प राहिले. मग माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "आमच्या घरी सोमवार, गुरुवार, शनिवार पाळत्यात, मालक. फुगासुद्धा येत नाही."

आणि एकदम काउंटरकडं वळून, "पोरी, माणसांचं घेता का?"

"नाही ओ आजोबा."

"आधी ऐकून तर घे. मी पाचला उठतोय. चहा होतोय आठला. मग पेपर. दोनदा वाचतोय. नऊ ते एक काय नाही. जेवण. मग परत काय नाही. सात वाजता सगळी येत्यात आन् आपापल्या मोबाइलवर बसत्यात. खोली बारकी असली तरी चालंल. बासरी नको, रेडिओ ठेवा."

आम्ही दोघं हसलो. आजोबा हसले नाहीत. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "तुमचं काय आलंय? बघू."

माझ्या हातातला कागद त्यांनी काढून घेतला. हॉलमध्ये एक लॅब्राडोरवालं जोडपं होतं, रॉटवायलरवाला एक पोरगा होता, पाण्याचे जार टाकायला आलेला टेम्पोवाला होता. आजोबांनी घसा साफ केला आणि सर्वांना ऐकू जाईल असं वाचन सुरू केलं.

"'शोधकाम, उत्कृष्ट.' बरं हाय. 'चाटणे, उत्कृष्ट, परंतु मॅटही खाल्ली.' असू दे. 'फुगे, घाबरतो.' 'घरची परिस्थिती'..." इथं त्यांनी कागद जरा लांब धरला. "मालक, हे ऐका. 'श्वानाला घरी बौद्धिक खुराक मिळत नसावा. पालकांनी घरी लक्ष देणे गरजेचे आहे.'"

लॅब्राडोरवाली बाई माझ्याकडं असं बघायला लागली, की मी पोराला शाळेतून काढून हॉटेलात कपबश्या धुवायला लावलंय.

"देत नाही व्हय तुम्ही लक्ष?" आजोबा म्हणाले. "काय करता तुम्ही?"

"बँकेत आहे."

"मग बरोबर हाय."

आता मात्र माझं डोकं फिरलं. मी मुलीला म्हणालो, अहो, शोधकाम हा घरी रोज करतो, कचऱ्याचा डबा उलटा करून! "तेच ना सर, त्याला गरज आहे." टॉवेल फाडतो, उशा फाडतो! "त्याला श्रेडिंग म्हणतात, सर. आम्ही त्यासाठी पुठ्ठ्याचे खोके देतो." अंगणात खड्डे करतो! "आमच्याकडं डिग पिट आहे." म्हणजे ज्या ज्या गोष्टींसाठी मी या कुत्र्यावर आजवर ओरडलो, त्या सगळ्यांचा तिथं तास होता आणि तासाला दर होता. पैसे भरून मी त्याला नासधुशीच्या शिकवणीला पाठवलं होतं, आणि ढ ठरलो मी.

तेवढ्यात आतून शित्झू आलं. कपाळावर रिबन. ते आजोबांच्या पायात शिरलं आणि आनंदानं त्यांच्या चपलेवरच मुतलं. आजोबांनी खांद्यावरच्या टॉवेलनं चप्पल पुसली. मुलगी म्हणाली, "कुकीचा रिपोर्ट सगळा उत्कृष्ट आहे. हिच्याशी घरी कोण खेळतं हो? शोधकाम तयारच आहे तिचं."

"मीच की. दुसरं कोण असतंय दिवसभर. टॉवेलची घडी घालतोय, आत बिस्किट दडवतोय, त्यावर अजून एक घडी. तिला सापडंस्तवर माझाबी अर्धा तास जातोय." मग सुनेनं दिलेल्या नोटा मोजून ठेवल्या. "पावती दे पोरी. सून मागती."

त्या रात्री मी इंटरनेटवर बसलो. मनात हेतू शुद्ध होता, भांडायला मुद्दे पाहिजे होते. पण विषयच खरा निघाला, आणि याचा राग मला अजून आहे. कुत्र्याला नवख्या जागी गजांमागं नुसतं बसवलं, तर अंगातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, वाढतं. फार दिवस तसंच राहिलं तर काही कुत्री गोल गोल फिरत राहतात, काही स्वतःचा पाय चाटून चाटून सोलून काढतात. आपल्या नाकात वास टिपणाऱ्या पेशी ५०-६० लाख, त्याच्या नाकात २० कोटींच्या वर. एवढं यंत्र घेऊन फरशीकडं बघत बसायचं म्हणजे शिक्षाच. बासरीवर तरी हाणून पाडू म्हटलं, तर २००२ साली बेलफास्टच्या संशोधकांनी आश्रयगृहातल्या कुत्र्यांना गाणी ऐकवून बघितलेली. शास्त्रीय संगीतावर कुत्री निवांत पडली, हेवी मेटल लावल्यावर जास्त भुंकली. २०१७ साली ग्लासगोवाल्यांना दिसलं, की सॉफ्ट रॉक आणि रेगे त्यांना जास्त मानवतं. गणपतीच्या मिरवणुकीतल्या डॉल्बीवर कुणी प्रयोग केलेला दिसला नाही. करायचा असेल तर दहा दिवस आमच्या गल्लीत यावं, कुत्री आमची, कानही आमचे.

सगळ्यात जिव्हारी लागला तो २०१९चा प्रयोग. काही कुत्र्यांना दोन आठवडे रोज वासावरून खाऊ शोधायला लावला, काहींना नुसतं मालकाशेजारी चालायला शिकवलं. मग एक वाडगा अशा जागी ठेवला, की तो भरलेला आहे की रिकामा, हे कळू नये. वास घेणारी कुत्री पूर्वीपेक्षा लवकर तिकडं गेली. निष्कर्ष असा, की शोधकामानं कुत्री आशावादी होतात.

आता सोलापुरात आशावादी होऊन करायचं काय, हे मला कुणीतरी सांगावं. इथं नळाखाली लावलेली घागर हाच तो वाडगा आहे. उजनी धरण भरलं तरी चार-पाच दिवसांआड पाणी, उजनी आटलं तरी तेच, आणि येणार कधी, तर रात्री दीडला की पहाटे चारला, ते कुणाला ठाऊक नाही. दर वेळी मोठ्या उमेदीनं उठून आम्ही नळाशी जातो आणि नळ फुस्स करतो. नळपट्टीचं बिल तेवढं वेळेवर येतं. आणि होटगी रोडला गड्ड्या चार वाजता निळ्या हौदात टँकरच्या पाण्यात पाय आपटत होता. तोही 'उत्कृष्ट' शेरा आहे त्या कागदावर. मी आंघोळ एका बादलीत उरकतो, मला कुणी शेरा दिला नाही.

कागदाच्या मागं गृहपाठ दिलाय. बायकोनं तो फ्रिजवर चिकटवला आणि स्निफ वॉक माझ्या वाट्याला आला, कारण 'पालक' म्हणून सही माझी आहे. पूर्वी मी पंधरा मिनिटांत कॉलनीला चक्कर मारून यायचो. आता खांबाशी थांबा, स्कूटरच्या चाकाशी थांबा, वाळूच्या ढिगाशी थांबा. मे महिना, सकाळी आठलाच डोकं तापतंय, आणि हा एकाच दगडाचा वास असा घेतोय, की त्यावर शिलालेख आहे.

परवा एका बंगल्याच्या फाटकाशी असाच खिळून उभा राहिला. मी दोरी ढिली सोडून, गृहपाठाबरहुकूम, शांत. आतून बनियनवर एक गृहस्थ आले. थोडा वेळ मला बघितलं, मग म्हणाले, "कुणाकडं आलाव?"

"कुणाकडं नाही. हा वास घ्यायलाय."

"आमच्या घराचा?"

"फाटकाचा."

त्यांनी एकदा फाटकाकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. मग आत तोंड करून ओरडले, "अगं, चपला आत घे."