एका प्रतिक्रियेला उत्तर : कामाची फिरती आणि लेटरबॉक्सिंग

नमस्कार.

कामाच्या फिरतीत लेटरबॉक्सिंग कसं बसवावं, या माझ्या लेखावर तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. (नव्याने वाचणाऱ्यांसाठी : रानात लपवलेले डबे सुगाव्यांवरून शोधायचे आणि शिक्क्यांचे ठसे घ्यायचे, हा छंद म्हणजे लेटरबॉक्सिंग. तो इंग्लंडातल्या डार्टमूर या माळरानावर सुरू झाला.) शाईचं पॅड तापलेल्या गाडीत ठेवलं की वाळतं, हे मी लिहायला हवं होतं असं तुम्ही म्हणता. बरोबर आहे, ती ओळ आता लेखात घातली आहे. एकट्या बाईने रानात शिरू नये हा सल्ला मी मागितला नव्हता, त्यामुळे तो सोडून देते. फोटो कमी आहेत, तेही असो.

राहिलं तुमचं शेवटचं वाक्य : "कंपनीच्या पैशाने फिरताना डबे उरकणाऱ्या तुमच्यासारख्यांनी डार्टमूरच्या परंपरेचं नाव घेऊ नये." 'तुमच्यासारख्यांनी' म्हणजे कुणी? आपली ओळख नाही. मतभेद मांडायला माझी हरकत कधीच नव्हती, पण ही बोलायची रीत नव्हे.

आता परंपरा काढलीच आहे तर नीट काढू. १८५४ साली डार्टमूरवर क्रॅनमियर पूलपाशी जेम्स पेरटने एक बाटली ठेवली. तिथवर पोचणाऱ्यांनी आपलं व्हिजिटिंग कार्ड तिच्यात टाकावं, एवढाच हेतू. हा पेरट डार्टमूरच्या कडेच्या चॅगफर्ड गावचा वाटाड्या होता. लोकांना त्या दलदलीतून क्रॅनमियरला नेऊन आणणं हे त्याचं पोटापाण्याचं काम होतं. म्हणजे ज्या बाटलीपासून हा छंद सुरू झाला, ती कामावरच्या माणसाने, कामाच्या वाटेवर ठेवली. पुढे लोक तिथे स्वतःचा पत्ता लिहिलेली पत्रं ठेवू लागले आणि नंतर येणारा ती टपालात टाकू लागला. शिक्के, वह्या, कोड्यासारखे सुगावे हे सगळं त्यातूनच वाढत गेलं. या इतिहासात नोकरदारांना मज्जाव कुठे आहे, ते दाखवा.

मी राहते आणि गाडी चालवते अमेरिकेत. इथे हा छंद पसरला तो १९९८ मध्ये स्मिथसोनियन मासिकात आलेल्या लेखानंतर. कनेटिकटच्या वनखात्याने तर आपल्या राज्य-वनांत स्वतःच डबे ठेवलेत. त्यांतले पाच शोधलेत की लाकडी काठी मिळते. ती देताना तुम्ही सुट्टी घेऊन आला होतात की कामावरून, असं कुणी विचारत नाही.

आणि 'उरकणं'? यंत्रं दुरुस्त करायला मी वर्षानुवर्षं मोटेलं आणि हायवे यांच्यातच फिरले आहे. ज्या गावात चार दिवस राहिले, तिथलं एकही झाड मला ओळखीचं नसायचं. लेटरबॉक्सिंगने ते बदललं. आदल्या रात्री सुगावे छापून घ्यायचे, आणि वाटेपासून जवळचा, पार्किंगपासून थोडंसंच चालायला लावणारा एकच डबा निवडायचा. डिसेंबरात अंधार लवकर पडतो, म्हणून दुपारचं काम लांबलं तर त्या दिवशी डबा नाही. गिऱ्हाईकाचं यंत्र बंद पडलेलं असेल तरीही नाही. वाकडी वाट केलेले मैल मी खर्चाच्या पत्रकात कधी धरलेले नाहीत. हे सगळं मूळ लेखात आहे. तो पुरता वाचला असतात तर कंपनीच्या पैशाचा उल्लेख आला नसता.

डब्यापाशी पोचल्यावर मी घाई करत नाही. होकायंत्राने दिशा धरून पावलं मोजायची, आजूबाजूला कुणी नाही ना हे पाहून डबा काढायचा. डब्यातल्या शिक्क्याचा ठसा माझ्या वहीत, आणि खोडरबरातून मी स्वतः कोरलेल्या शिक्क्याचा ठसा डब्यातल्या वहीत, खाली तारीख आणि माझं वाटेवरचं, म्हणजे या छंदापुरतं घेतलेलं, नाव. मग वही पुन्हा दोन पिशव्यांत घट्ट बंद करून डबा होता तसाच, त्याच दगडाआड, पानांखाली. वेळ कमी असला तर मी डबा शोधायलाच जात नाही, पण झाकताना वेळ वाचवत नाही. ओली वही आणि उघडा डबा मागे ठेवणारी माणसं मी पाहिली आहेत, आणि त्यांतल्या कित्येकांना अख्खा दिवस मोकळा होता.

तुम्हाला दिवसभर डार्टमूर चालायला मिळत असेल तर मला खरंच आनंद आहे. मला दोन कामांच्या मध्ये तासभर मिळतो. त्या तासात मी काय करावं हे मात्र तुम्ही ठरवू नका. लेखातला बाकी मजकूर मी बदलणार नाही.