गुग्गुळ घ्या आणि स्टॅटिन सोडा? थांबा जरा

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय, की गुग्गुळाने कोलेस्टेरॉल हमखास उतरतं म्हणून स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या डॉक्टरी गोळ्या) बंद करा, झाडाचा डिंक आहे त्यामुळे साइड इफेक्ट शून्य, आणि वर कॅन्सरही बरा होतो. तिन्ही मुद्दे बघू.

कोलेस्टेरॉलचा मुद्दा अगदीच हवेतला नाही. १९६६ मध्ये बनारस हिंदू विद्यापीठात जी. व्ही. सत्यवती यांनी सशांवर गुग्गुळाचा कोलेस्टेरॉलवरचा परिणाम तपासला, पुढे लखनौच्या सीडीआरआय या सरकारी औषध संशोधन संस्थेने गुग्गुळाचा अर्क, म्हणजे गुग्गुलिपिड, बनवलं, भारतातल्या सुरुवातीच्या ट्रायल्समध्ये फायदाही दिसला आणि त्याचा अभिमान मलाही आहे. पण २००३ मध्ये जामा या अमेरिकन मेडिकल जर्नलमध्ये अमेरिकेतली ट्रायल छापून आली, १०३ लोक, ८ आठवडे, काहींना गुग्गुलिपिड आणि काहींना नुसती डमी गोळी, तर गुग्गुळवाल्यांचं एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, ४-५ टक्के वाढलं आणि डमीवाल्यांचं ५ टक्के उतरलं! म्हणजे चक्क उलटं, आणि मेसेजमध्ये याचा उल्लेखही नाही. स्टेंट बसलेल्या माणसाने हा मेसेज वाचून गोळी सोडली तर काय होईल याचा विचार तरी करा.

आता साइड इफेक्ट. त्याच ट्रायलमध्ये गुग्गुळ घेणाऱ्यांपैकी ६ जणांना अंगावर पुरळ आलं, डमीवाल्यांत एकालाही नाही. आणि खरी गोची पुढे आहे. गुग्गुळातलं गुग्गुलस्टेरोन नावाचं द्रव्य लिव्हरमधला एफएक्सआर रिसेप्टर (कोलेस्टेरॉलशी संबंधित, पेशीतला एक स्विच) अडवतं, हे २००२ मध्ये समजलं आणि गुग्गुळाची बाजू घेणारे तेवढंच सांगतात, पण तेच गुग्गुलस्टेरोन पीएक्सआर नावाचा दुसरा रिसेप्टर चालू करतं, त्याने सीवायपी३ए एन्झाइम वाढतात आणि हे एन्झाइम बाकीची औषधं भराभर मोडून टाकतात. बीपी-हार्टच्या डिल्टियाझेम आणि प्रोप्रानोलॉल गोळ्यांसोबत गुग्गुलिपिड दिलं तर रक्तात ही औषधं कमी पोचतात हे माणसांवर तपासून झालंय. गोळी रोज घेतली जाते पण काम अर्धवट, आणि पेशंटला पत्ताच नाही. प्रेग्नन्सीत तर घेऊच नये.

राहिला कॅन्सर. लॅबमध्ये डिशमधल्या पेशींवर गुग्गुलस्टेरोनने एनएफ-कप्पा-बी (कॅन्सरच्या पेशींना जगायला मदत करणारं प्रोटीन) दबतं, काही पेशी मरतात, हे खरंय, पण डिशमध्ये पेशी मरणं वेगळं आणि पेशंट बरा होणं वेगळं. किमो चालू असलेल्यांना तर हा मेसेज प्लीज पाठवू नका, डोसिटॅक्सेलसारखी किमोची औषधंसुद्धा याच सीवायपी३ए एन्झाइमने मोडतात.