सायबर म्हणजे नावाडी

आज आत्याला घेऊन बँकेत गेलेलो. गेल्या महिन्यात तिला "आज रात्री लाईट कट होणार" असा मेसेज आला, तिनं घाबरून त्या नंबरवर फोन लावला आणि ३८,००० गेले. काऊंटरवरचा मान वर न करता म्हणतो, "मावशी, हे सायबरचं मॅटर आहे, आमच्याकडं काय नाही." सायबर सायबर सायबर! जसं काय सायबर नावाचं भूत आहे आणि तेच पैसे घेऊन पळालं.

हा शब्द कुठनं आला माहितीये का? ग्रीक 'कुबेरनेटिस', म्हणजे सुकाणू धरणारा. आपला नावाडी! (आत्याला सांगितलं तर म्हणते, नाव कुबेराचं आणि पैसे माझे.) त्याच शब्दाचं लॅटिनमधनं फिरत फिरत गव्हर्नमेंट झालं. १९४८ ला नॉर्बर्ट वीनर या अमेरिकन गणितज्ञानं त्यावरनं सायबरनेटिक्स काढलं, यंत्रं आणि प्राणी वाट चुकली की स्वतःला कसं सावरतात त्याचं शास्त्र. मग १९८२ मध्ये विल्यम गिब्सन या विज्ञानकथा लेखकानं एका कथेत त्याचं शेपूट तोडून स्पेसला जोडलं, सायबरस्पेस, म्हणजे कॉम्प्युटरच्या जाळ्यातलं जग, आणि मग काय, जो तो चिकटवतच सुटला, कॅफे, क्राइम, फ्रॉड. सांगलीत विश्रामबागला तासाला वीस रुपये देऊन बसायचो तिथल्या बोर्डावर पण सायबरच.

२०१९ च्या पुरात हीच आत्या गावभागातनं होडीत बसून बाहेर पडली. मांडीवर देव, डोळ्यात पाणी. मागं वल्हं धरून विशीतला एक पोरगा, सारखा ओरडत होता, "आज्जी हलू नका, मी हाय."

हां, ओटीपी तिनंच सांगितला, तो कुणाला सांगू नका म्हणून बँक सारखे मेसेज पाठवते हेही खरं. पण होडीत पण ती मधेच उभी राहिलेली की! होडी कलली, सगळे किंचाळले. म्हणून त्या पोरानं तिला "तुमचीच चूक" म्हणून पाण्यात सोडलं का?

१९३० या सायबर फ्रॉडच्या हेल्पलाईन नंबरला लगेच फोन केला तर पैसे मधेच अडवता येतात, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी कळलं. तेवढं फ्रिजवर लिहून ठेवा बाबांनो.

परत येताना रिक्षा आयर्विन पुलाजवळ आली. आत्या बराच वेळ गप्प होती, मग नदीकडं बघत म्हणाली, "त्या पोराला तेव्हा काही द्यायचं राहिलंच बघ."