खुलासा : हैदराबाद बँक ‘विकली’ गेली नव्हती

‘स्टेट बँकेने हैदराबाद बँक विकत घेतली, त्यामुळे तिथले जुने पीककर्ज आता देणे लागत नाही,’ असा संदेश मराठवाड्यातील गावोगावच्या ग्रुपवर फिरतो आहे. त्यातील दोन्ही विधाने चुकीची आहेत.

स्टेट बँक ऑफ हैदराबाद आधीपासूनच पूर्णपणे स्टेट बँकेच्या मालकीची होती. 1 एप्रिल 2017 रोजी झाले ते विलीनीकरण, म्हणजे तिचे वेगळे अस्तित्व संपून ठेवी, कर्जे, करार सगळे स्टेट बँकेकडे गेले. म्हणूनच कपाटातील जुन्या नावाची ठेवपावती जशी रद्दी ठरली नाही, तशीच पीककर्जाची बाकीही (दुर्दैवाने म्हणा) मिटली नाही. याउलट अधिग्रहणात, म्हणजे एखादी कंपनी विकत घेतली जाते तेव्हा, मालक बदलतो, कंपनी उरते: 2008 मध्ये टाटा मोटर्सने घेतलेली जग्वार लँड रोव्हर आजही आहे.