कलेसाठी काजळी

आमच्या फोटोग्राफीच्या ग्रुपमध्ये सध्या सुंदर गोष्टींना बंदी आहे. गोकाकचा धबधबा, आंबोलीचं धुकं, राजहंसगडावरचा सूर्यास्त, सगळं सरांनी 'कॅलेंडर' म्हणून मोडीत काढलंय. सरांना पाहिजे गंज, धूर आणि काजळी. बेळगावात त्यासाठी लांब जावं लागत नाही. तिसऱ्या रेल्वे गेटाच्या पुढे गेलं की उद्यमबाग, आणि तिथं फाउंड्र्याच फाउंड्र्या, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचे कारखाने. ओळखीनं एकीत परवानगी मिळाली आणि आमची वरात आत शिरली.

दारातच मुकादमानं सगळ्यांना खालून वर न्याहाळलं. आमच्यातल्या एकानं नायलॉनची ट्रॅकपँट घातली होती. "ठिणगी पडली तर चिकटतंय की हो हे कातड्याला! सुती घालून यायचं असतंय." त्याला एप्रन मिळाला. मग पाण्याच्या बाटल्या बाहेर ठेवायला लावल्या. ओल्या जमिनीवर वितळलेलं लोखंड सांडलं की पाण्याची एका क्षणात वाफ होते आणि लोखंड चहूकडे उडतं, हे ऐकल्यावर घशाला जी कोरड पडली ती शेवटपर्यंत.

एकट्यानं काढायचा फोटो घोळक्यानं काढणं म्हणजे शुद्ध छळ. भट्टीतून लॅडलमध्ये, म्हणजे ओतायच्या भांड्यात, धातू घेतला, सुमारे १४०० अंशांचा तो केशरी रस वाळूच्या साच्यात उतरू लागला, आणि आम्ही सगळे एकाच कोपऱ्याकडे धावलो. माझ्या फोटोंत लोखंडापेक्षा ग्रुपमधल्या बँकवाल्या काकांची पाठ जास्त आली आहे. पाठ मात्र अप्रतिम फोकसमध्ये! समोर झगझगीत रस, मागं काळोख, मध्ये उडती वाळू. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला फोकस धरवेल अशी ती पाठ तेवढीच होती. एका उत्साही मुलीनं तिथंच लेन्स बदलली. सेन्सरवर फाउंड्रीची वाळू घेऊन ती घरी गेली. सर्व्हिसिंगचं बिल अजून तिनं आम्हाला दाखवलेलं नाही, पण बोलणं कमी केलंय.

एवढ्यात सर ओरडले, "वन मोर! जरा परत ओता!"

साचे भरणाऱ्या मोल्डरनं मानसुद्धा वळवली नाही. मुकादम म्हणाला, "परत कुठलं हो सर? लॅडलमधे गार झालं म्हंजे सगळं भंगार की!"

ओतकाम संपल्यावर सरांना कामगारांची पोर्ट्रेट पाहिजे होती. काजळलेले चेहरे, घामाचे ओघळ, खिडकीतला तिरपा उजेड. सरांनी कोन ठरवून मागं वळून बघितलं तर माणसं गायब! सगळे नळावर. साबण लावून तोंडं धुणं चाललेलं, एकच कंगवा हातोहात फिरतोय, कुणी डब्याच्या पिशवीतून इस्त्रीचा शर्ट काढतोय.

"अहो, तोंड नका धुऊ!" सर कळवळले.

"फोटो म्हंजे असं कसं? घरात लावायचाय. आणि कलर काढा हां, काळापांढरा नको."

ऑफिससमोरच्या जास्वंदीपाशी सगळे रांगेत उभे राहिले. मग मुकादमानं आमच्याकडं बघितलं आणि नळाकडं बोट केलं. "आता तुम्हीपण तोंडं धुऊन या बघू. असल्या अवतारात आमच्याबरोबर उभारू नका."